अर्धा तोळा निळाई

चिखलीत टाटा मोटर्सचा कारचा कारखाना आहे. तयार झालेल्या गाड्या बाहेर पडण्याआधी जिथे ओळीनं उभ्या राहतात, त्या वाहनतळावर २०२१च्या जूनमध्ये सौर पॅनेलांचं छप्पर चढलं. क्षमता ६.२ मेगावॉट. पसारा ३० हजार चौरस मीटरांहून थोडा जास्त, म्हणजे साडेसात एकर. टाटा पॉवरनं उभारलेलं हे छप्पर वर्षाला ८६ लाख ४० हजार युनिट वीज देईल आणि देशातलं हे सर्वांत मोठं सौर वाहनतळ आहे, असं तेव्हा जाहीर झालं होतं. तिथून मोशी ओलांडून इंद्रायणीच्या कडेकडेनं दहाएक किलोमीटर आलं की चऱ्होली. इथे एवढं मोठं छप्पर नाही, पण नव्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर आणि आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या बंगल्यांवर तीच निळी-काळी तावदानं चमकताना दिसतात.

चमकताना दिसतात, हीच खरी अडचण आहे. जो उजेड पॅनेलवरून उडून आपल्या डोळ्यांत आला, त्याची वीज झाली नाही. सौर विजेचे आकडे सांगणारे बहुतेक लोक किती वीज मिळाली ते सांगतात. इथे परत गेलेल्या उजेडाचा हिशेब मांडायचा आहे, आणि तो परत जाऊ नये म्हणून पॅनेलवर जे काही चढवलेलं असतं त्याचं माप काढायचं आहे. हे माप इतकं लहान निघतं, की पहिल्यांदा काढल्यावर दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडलंय असंच वाटतं.

सुरुवातीला एकच टक्का घेऊ. आत जाणारा उजेड एक टक्क्यानं वाढला, तर वीजही जवळजवळ एक टक्क्यानं वाढते. चिखलीच्या छपरावर एक टक्का म्हणजे वर्षाला ८६,४०० युनिट. महिन्याला १२० युनिट वापरणारी साठ घरं त्यावर वर्षभर चालतात. (एक खुलासा इथेच केलेला बरा. २० टक्के कार्यक्षमतेच्या पॅनेलला एक टक्का जास्त उजेड मिळाला तर ते २०.२ टक्क्यांचं होतं, २१चं नव्हे. या दोन टक्क्यांची सरमिसळ विकणारेही करतात आणि घेणारेही.)

आता मोठ्या टोकाकडे जाऊ. सूर्य दर सेकंदाला किती ऊर्जा बाहेर टाकतो ते वॅटमध्ये लिहायचं तर ३८ आकडा लिहून त्यावर २५ शून्यं द्यावी लागतात. त्यातला अत्यल्प वाटा पृथ्वीच्या वाट्याला येतो, १७ वर १६ शून्यं इतक्या वॅटांच्या घरात. तेवढ्यानंही तासाभरात साऱ्या मानवजातीच्या वर्षाच्या ऊर्जेइतकी ऊर्जा येऊन पडते. हे वाक्य इतक्या वेळा छापून आलंय की आता त्यानं कुणी दचकत नाही. म्हणून आपल्या गावापुरतं बोलू. पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द १८१ चौरस किलोमीटर. चऱ्होली, मोशी, चिखली, दिघी ही गावं १९९७मध्ये त्यात आली. निरभ्र दुपारी डोक्यावरचं ऊन चौरस मीटरला साधारण एक हजार वॅट असतं. म्हणजे भर दुपारी या शहराच्या हद्दीत १ लाख ८१ हजार मेगावॉट ऊन पडत असतं. कोयनेचा सगळा प्रकल्प मिळून १,९६० मेगावॉटचा. ब्याण्णव कोयना शहराच्या डांबरावर आणि पत्र्यांवर पडून नुसत्या तापतात, आणि आपण खाली पंख्याचा वेग वाढवतो.

ऊन म्हणजे प्रकाशकणांचा मारा. ज्यांच्यात सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतका जोर असतो, असे कण भर दुपारी एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, सेकंदाला २७ वर १६ शून्यं इतके येतात. अशा संख्यांना नावं देण्याचं काम आपल्याकडे फार आधी झालंय. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत एकं, दहंपासून सुरू होणारी अठरा स्थानं आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, तेच हे भास्कराचार्य. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य करत ती यादी परार्धावर थांबते. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. नखाएवढ्या जागेवर एका सेकंदात २.७ परार्ध कामाचे कण पडतात. पृथ्वीवर पडणारं सगळं ऊन वॅटमध्ये मोजलं तर तेही पावणेदोन परार्धच भरतं. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी जिथे मोजणी थांबवली होती, ते टोक पृथ्वीच्या उन्हाला पुरलं आणि नखावरच्या सेकंदालाही पुरलं.

पॅनेल दोन चौरस मीटरांचं धरलं तर त्यावर सेकंदाला ५४ हजार परार्ध कण. एक कण जास्तीत जास्त एक इलेक्ट्रॉन हलवतो. कण आत शिरलाच नाही तर प्रश्नच मिटला.

आणि सिलिकॉन त्यांना सहजासहजी आत घेत नाही. उजेड एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना किती परतेल याचा नियम फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवून दिला. दोन्ही माध्यमांचे वक्रीभवनांक घ्या. त्यांच्या वजाबाकीला बेरजेनं भागा आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करा. हवेचा अंक १, काचेचा १.५. उत्तर ०.०४, म्हणजे काच चार टक्के उजेड परतवते. सिलिकॉनचा अंक नारिंगी उजेडासाठी ३.९. वजाबाकी २.९, बेरीज ४.९, भागाकाराचा वर्ग ०.३५. घासूनपुसून गुळगुळीत केलेली सिलिकॉनची चकती हवेत धरली तर पस्तीस टक्के उजेड तिथल्या तिथे माघारी. एका पॅनेलवर सेकंदाला १९ हजार परार्ध कण दारातूनच परत.

इथे दोन कारागिऱ्या कामाला येतात. पहिली खडबडीतपणाची. सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या गरम द्रावणात बुडवून ठेवतात. सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंची मांडणी अशी असते, की द्रावण काही दिशांनी ते भराभर खातं आणि काही दिशांनी फार हळू. खाऊन खाऊन जे उरतं ते चौरस पायाचे पिरॅमिड. प्रत्येकाची बाजू ५४.७ अंशांनी कललेली, कारण स्फटिकातला कोनच तेवढा आहे. कुणी कोरत नाही, कुणी आखत नाही. पंधरावीस मिनिटांत चकचकीत चकतीचा करडा, मखमली पृष्ठभाग होतो. एका पिरॅमिडच्या उतारावरून उडालेला उजेड बाहेर पडायच्या आधी शेजारच्या पिरॅमिडवर आपटतो. पस्तीस टक्क्यांचे पस्तीस टक्के म्हणजे बारा. नुसत्या दुसऱ्या टकरीनं पस्तीसवरून बारावर आलो.

पिरॅमिडचा पाया तीन मायक्रॉन धरला, तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये एक कोटी दहा लाख पिरॅमिड बसतात. दोन चौरस मीटरांच्या पॅनेलवर २२ हजार कोटी. गिझाचे तीन पाहायला लोक विमानानं जातात. चिखलीच्या त्या साडेसात एकरांवर किती होतील याचा गुणाकार केला तर उत्तर येतं तेहतीस कोटी गुणिले एक कोटी. म्हणजे तेहतीस कोटी देवांना प्रत्येकी एक कोटी पिरॅमिड वाटून द्यावेत इतके. आकडा मुद्दाम जुळवलेला नाही. तीन मायक्रॉनचा पाया हे कारखान्यातलं नेहमीचं माप, आणि क्षेत्रफळ जाहीर केलेलं.

दुसरी कारागिरी लेपाची, आणि पॅनेलचा निळा रंग तिच्यामुळेच दिसतो. तिचं मूळ एका योगायोगात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेनिस टेलर या इंग्लिश भिंगकाराच्या लक्षात आलं, की हवेनं डागाळलेली जुनी भिंगं नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा जास्त उजेड आत सोडतात. काचेच्या पृष्ठभागावर आपोआप एक पातळ, विरळ थर तयार झाला होता. १९३८मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी असा थर हातानं घडवला. साबणासारख्या पदार्थाचे एक-एक रेणू जाडीचे ४४ थर काचेवर चढवले, आणि काच दिसेनाशी झाली. तो थर बोटानं पुसला जाई, त्यामुळे बाजारात चालला नाही. पण जाडी किती हवी हे पक्कं झालं होतं.

त्यामागचं गणित असं. लेपाच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा उजेड परततो, खालच्यावरून थोडा. लेपाची जाडी तरंगलांबीच्या पाव पट असेल (लेपाच्या आतली तरंगलांबी, हवेतली नव्हे), तर खालून आलेला उजेड जाऊनयेऊन अर्धी तरंगलांबी मागे पडतो. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. गेलेली ऊर्जा हवेत विरत नाही, ती आतच जाते. दोन्ही परतावे सारख्या जोराचे असले पाहिजेत, म्हणून लेपाचा वक्रीभवनांक ३.९च्या वर्गमुळाएवढा हवा. म्हणजे जवळजवळ दोन. सिलिकॉन नायट्राईड नावाच्या पदार्थाचा अंक दोनच्या आसपास असतो. ६०० नॅनोमीटरच्या उजेडाला दोननं भागलं, मग चारनं भागलं, की जाडी आली ७५ नॅनोमीटर.

७५ नॅनोमीटर म्हणजे अणूंचे तीनशेएक थर. केसाची जाडी या लेपाच्या हजारपट. बोटाचं नख सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं. सव्वा मिनिटात तुमचं नख जेवढं वाढेल, तेवढी लेपाची जाडी.

कारखान्यात हा लेप चढतो तो चारशे अंशांवर, निर्वात नळीत. सायलेन आणि अमोनिया हे वायू सोडून विजेच्या दाबानं त्यांचा प्लाझ्मा करतात आणि वेफरांवर नायट्राईड बसत जातं. चूक झाली तर यंत्र न लावताही कळते. सपाट सिलिकॉनवर साठ नॅनोमीटरला रंग तांबूस-जांभळा दिसतो, पंचाहत्तरला गर्द निळा, शंभरला फिकट निळा, सव्वाशेच्या पुढे पिवळट. म्हणून तयार सेल, म्हणजे लेप चढलेले वेफर, रंगानुसार वेगळे काढतात, नाहीतर एकाच पॅनेलमध्ये वाकळेसारखे तुकडे दिसतील. निळाच का, तर लेप तांबड्या-पिवळ्या उजेडाला बेतलेला असतो, त्यामुळे तो पूर्ण आत जातो आणि निळ्यातला थोडा निसटतो. आपल्याला दिसणारा निळा रंग हा पॅनेलनं न घेतलेला उजेड आहे.

पिरॅमिड आणि लेप मिळून पस्तीस टक्क्यांचे दोन-तीन टक्के होतात. आता वजनकाटा काढू. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ७८ हजारांचं अनुदान मिळतं ते तीन किलोवॉटच्या संचाला. चऱ्होलीतल्या एखाद्या गच्चीवर तो बसवला, तर पॅनेलांचं क्षेत्रफळ पंधरा चौरस मीटर. पिरॅमिडांच्या उतारांमुळे खरा पृष्ठभाग पावणेदोन पट. त्याला ७५ नॅनोमीटरनं गुणलं की लेपाचं आकारमान येतं दोन मिलिलिटर. चमचाभरसुद्धा नाही. वजन साडेपाच ग्रॅमच्या पुढे, म्हणजे जवळजवळ बरोबर अर्धा तोळा.

या अर्ध्या तोळ्याची किंमत काढताना थोडं सांभाळून बोलायला हवं. पस्तीस टक्के हा आकडा हवेतल्या उघड्या सिलिकॉनचा आहे. पॅनेलमध्ये सेल काचेखाली असतो आणि काच मध्ये आल्यानं तोच आकडा वीसवर येतो. शिवाय पिरॅमिडांची कमाई लेपाच्या नावावर लिहिणं अन्यायाचं होईल. दोघांची आणि काचेवरच्या लेपाची (तो पुढे येतोच) मिळून म्हणू. तीन किलोवॉटचा संच आपल्याकडे वर्षाला ४,२००च्या आसपास युनिट देतो. गुळगुळीत, बिनलेपाच्या सेलांचा असता तर ३,४०० दिले असते. वर्षाला आठशे युनिट, पंचवीस वर्षांत वीस हजार. शिवाय नायट्राईड आणखी एक काम फुकटात करतं. त्याच्यातला हायड्रोजन सिलिकॉनच्या पृष्ठभागावरचे तुटके बंध बुजवतो, नाहीतर सुटलेले इलेक्ट्रॉन त्या फटींत अडकून संपले असते. हा फायदा मी वर धरलेलाच नाही.

हाच हिशेब चिखलीला लावला तर तीस हजार चौरस मीटरांवर लेप निघतो चार लिटर, सव्वाअकरा किलो. त्याखालचं सिलिकॉन बारा टन, वरची काच २४० टन, लोखंडी सांगाडा वेगळाच. देशाची सौर क्षमता २०२५च्या जानेवारीत शंभर गिगावॉटच्या पुढे गेली. ती सगळी अशाच पॅनेलांची आहे असं धरलं, तर पाचशे चौरस किलोमीटर पॅनेलं. पिंपरी-चिंचवड शहर पावणेतीन वेळा झाकून निघेल. त्या सगळ्यावरचा निळा लेप गोळा केला तर ६५ हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांच्या फाटकात दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर उभे असतात ना, तसे साडेसहा टँकर. साऱ्या देशाचा. जगाची सौर क्षमता २०२४च्या अखेरीस दोन टेरावॉट झाली. जगाचे टँकर एकशेतीस.

आता काचेकडे येऊ. सेलवरची काच ३.२ मिलिमीटर जाड, आणि तिच्या वरच्या अंगावरून चार टक्के उजेड उडतो हे आपण पाहिलं. तिथेही लेप लागतो, पण अडचण वेगळी. काचेचा अंक १.५, त्याचं वर्गमूळ १.२२, आणि एवढा विरळ घन पदार्थ निसर्गात सहजी मिळत नाही. मग सिलिका घेऊन तिच्यात पोकळ्या पाडतात. काही नॅनोमीटरांची छिद्रं असलेला, अर्धा काच नि अर्धा हवा असा १२० नॅनोमीटरचा थर. हवा मिसळली की अंक हवा तेवढा खाली येतो. चार टक्क्यांतले अडीच-तीन टक्के असे परत मिळतात. चिखलीच्या छपराएवढ्या काचेला हा लेप साडेतीन लिटर पुरतो.

या दोन्ही लेपांची एक मर्यादा आहे. ते एका रंगाला आणि सरळ वरून येणाऱ्या उन्हाला बेतलेले असतात. ऊन तिरकं झालं की हिशेब बिघडतो. साध्या काचेवर ऊन साठ अंशांनी कललं तर परतावा चारचा नऊ टक्के होतो, पंचाहत्तर अंशांना पंचवीस. सकाळी साडेसातचं आणि संध्याकाळी साडेपाचचं ऊन असंच वाया जातं. पावसाळी ढगांतून चारही बाजूंनी येणाऱ्या उजेडातलाही बराच भाग तिरकाच असतो, आणि आपल्याकडे तर तसे चार महिने.

यावर तोडगा रात्रीच्या पतंगांकडे होता. स्वीडनचे शास्त्रज्ञ बर्नहार्ड यांनी १९६०च्या दशकात पतंगाचा डोळा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यावर सुमारे दोनशे नॅनोमीटर अंतरानं टेंगळांची दाट मांडणी दिसली. डोळा चमकला तर शत्रूला दिसेल, आणि अंधारात उजेडाचा कणन्‌कण कामाचा. ही टेंगळं उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा लहान, त्यामुळे उजेडाला ती सुटी सुटी जाणवत नाहीत. टोकाशी हवा जास्त, बुडाशी घन जास्त, म्हणजे उजेडाच्या लेखी हवा हळूहळू घट्ट होत जाते. अशा उतरत्या सीमेवरून फारच थोडं परततं, हे लॉर्ड रॅले यांनी १८८०मध्येच गणितानं दाखवलं होतं. १९७३मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत क्लॅपम आणि हटली यांनी तसा पृष्ठभाग बनवूनही दाखवला. रंग कुठलाही असो, ऊन कितीही तिरकं असो, चालतं.

दोनशे नॅनोमीटरांवर एक टेंगूळ म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला अडीचशे कोटी. दोन चौरस मीटरांच्या एका पॅनेलवर पन्नास लाख कोटी. लीलावतीच्या मोजणीनं पाच शंकू.

मग सगळीकडे हेच का नाही? कारण हा विषय दिसतो तेवढा सरळ नाही, आणि मला यातला हाच भाग सर्वांत रोचक वाटतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांच्या गटानं लेझरनं सिलिकॉनवर सुयांचं रान उठवलं आणि ते कोळशासारखं काळं झालं. काळं सिलिकॉन म्हणून ते गाजलं. उजेड जवळजवळ सगळा आत. पण सेल बनवले तर वीज अपेक्षेपेक्षा कमी. सुयांमुळे पृष्ठभाग कित्येक पट वाढला होता, आणि इलेक्ट्रॉन मरतात ते पृष्ठभागावरच. दार मोठं केलं आणि घरात पाऊल टाकायला जागा ठेवली नाही, असा प्रकार. २०१२मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं काळ्या सिलिकॉनला १८.२ टक्क्यांवर नेलं. २०१५मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात हेले साविन यांच्या गटानं सुयांवर अणूअणूनं अॅल्युमिनियम ऑक्साईडचा थर चढवला, विजेच्या तारा सगळ्या मागच्या बाजूला नेल्या आणि २२.१ टक्के गाठले. उत्तम काम. पण तोवर साधे पिरॅमिड आणि निळा लेप एवढे स्वस्त झाले होते, की उरलेल्या एका टक्क्यासाठी कारखाने सगळी ओळ बदलायला तयार नव्हते. आज सिलिकॉन सेलचे विक्रम २७ टक्क्यांपुढे गेलेत आणि त्याची सैद्धांतिक मर्यादा २९.४ मानतात. आता मिळवण्यासारखं जे उरलंय ते असंच अर्ध्या-पाव टक्क्यांचं आहे. मुंबई आयआयटीतलं २०१०पासूनचं सौर संशोधन केंद्र, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातला ऊर्जा अध्ययन विभाग, पाषाणची आयसर, यांच्यासारख्या ठिकाणी पातळ थर आणि सेल यांवर काम होतं ते या उरल्यासुरल्यासाठी.

इकडे मोशी-चऱ्होली पट्ट्यात मात्र एक वेगळाच लेप रोज फुकट चढतो. बांधकामं, खडी, सिमेंट मिक्सर, चाकणकडे जाणारे ट्रक. हवेच्या बातम्यांत पीएम १० वाचतो, ते दहा मायक्रॉनपर्यंतचे कण. दहा मायक्रॉनचा एक कण काचेवरच्या लेपाच्या जाडीच्या ८३ पट. पीएम २.५चा बारीक कणसुद्धा वीस पट. कोरड्या, धुळीच्या दिवसांत पॅनेलाची वीज रोज पाव ते अर्धा टक्का घटते असा सर्वसाधारण अनुभव आहे. नॅनोमीटरांत मोजून, पोकळ्या पाडून, भट्टीत भाजून मिळवलेले अडीच-तीन टक्के मोशीची धूळ दहा दिवसांत खाऊन टाकते.

मग धुवायचं. चौरस मीटरला एक लिटर पाणी धरलं, तर चिखलीएवढ्या छपराला एका धुण्याला तीस हजार लिटर, तीन टँकर. काचेवरचा नि सेलवरचा मिळून साडेसात लिटर लेप, त्याचं काम चालू राहावं म्हणून दर खेपेला तीन टँकर पाणी. आणि पाणी बोअरचं असेल तर क्षार वाळून पांढरे डाग उरतात. ते घालवायला कुणी कोरड्या फडक्यानं किंवा तारेच्या घासणीनं घासलं, तर १२० नॅनोमीटरचा सच्छिद्र थर धुळीच्या आधी निघून जातो. वॉचमनला सांगून झाडूनं पॅनेलं साफ करवून घेणाऱ्या गच्च्या मी पाहिल्यात. त्यापेक्षा न धुतलेली बरी. सकाळी काच थंड असताना, मऊ रबरी पुसणीनं, क्षार कमी असलेल्या पाण्यानं धुवावं. तीन किलोवॉटच्या संचाला पंधरा लिटर लागतात, म्हणजे एक बादली.

घरमालकाच्या दृष्टीनं हिशेब उघड आहे. पतंगाच्या डोळ्यासारखी काच घेऊन एक टक्का मिळाला तर वर्षाला ४२ युनिट. धुळीचे सरासरी तीन टक्के वाचवले तर १२६. त्यानं बादली घ्यावी.

सरकारी हिशेब मात्र उलटा पडतो, कारण तिथे टक्का जमिनीत मोजला जातो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याला १६ हजार मेगावॉट उभे करायचे आहेत, शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून. एका मेगावॉटला चार एकर जमीन धरतात. खासगी जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. परत जाणाऱ्या उजेडातला एक टक्का आत वळवता आला, तर तेवढ्याच विजेसाठी १६० मेगावॉट कमी उभारावे लागतील. म्हणजे ६४० एकर, आणि वर्षाला सव्वातीन कोटींचं भाडं. हा एक टक्का आणणारा काचेवरचा लेप १२० नॅनोमीटर जाडीचाच. सोळा हजार मेगावॉटच्या आठ कोटी चौरस मीटरांना तो दहा हजार लिटरच्या आत बसतो, म्हणजे एक टँकर पुरतो, आणि तोही पूर्ण भरत नाही.